कॉफीची सावली आणि झाडाची मालकी

पुण्याच्या घरांतून पाहुण्यापुढे येणारी कॉफी मद्रासेकडील कॉफीहून निराळी असते. ती दुधात उकळलेली असते, अंमळ गोड असते, आणि तिच्यात जायफळ किसून घातलेले असते. गृहिणीचा हात सढळ असेल तर वेलदोड्याची पूडही असते. हे पेय आपल्याकडे कधी व कोणाच्या हातून रूढ झाले हा वादाचा विषय होईल. परंतु त्या एका पेल्यात येणाऱ्या तीन वस्तूंचे एक साम्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कॉफी, वेलदोडा आणि जायफळ ही तिन्ही मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढलेली आहेत. कॉफीचे झुडूप मूळचे हबसाणातील, म्हणजे इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्यांतले. तेथे उंच झाडांच्या दाट छत्राखाली, पाझरून येईल तेवढ्या उजेडावर ते वाढत असे. पुढे जगाच्या निरनिराळ्या भागांत माणसाने ते उघड्या उन्हात आणून लावले. ब्राझीलमध्ये तर मैलच्या मैल कॉफी एकाही झाडाच्या आश्रयावाचून उभी दिसते. हिंदुस्थानात मात्र जवळजवळ सगळी कॉफी आजही सावलीत होते. ही सावली येथे कशी टिकली, आणि ज्या झाडांची ती आहे ती झाडे कोणाच्या मालकीची, ही दोन प्रकरणे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एकाचा इतिहास सांगावयाचा तर दुसऱ्याचा सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

कॉफी या देशात आली ती सतराव्या शतकात, बाबा बुदन नावाच्या एका मुसलमान साधूच्या हातून, अशी परंपरागत समजूत आहे. मक्केच्या यात्रेहून परतताना त्याने अरबस्तानातील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळील चंद्रद्रोण डोंगरावर आपल्या गुहेपाशी पेरल्या, असे सांगतात. सात हा आकडा दंतकथेचा दिसतो. पण त्या डोंगराला बाबा बुदनचे नाव मिळाले आहे, आणि तेथील गुहेला मुसलमान लोक पिराचे व हिंदू लोक दत्तात्रेयाचे स्थान मानीत आले आहेत, एवढे निश्चित. त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षे कॉफी हे पीक म्हणून नव्हे, तर परसातील झुडूप म्हणून राहिले. घरामागे फणस, आंबा, उंबर यांच्या आडोशाला चार झुडपे लावावी, आठवड्याच्या बाजारात चार पायल्या विकाव्या, असा तो व्यवहार. त्या झुडपांसाठी मुद्दाम झाडे लावावी लागली नाहीत आणि मुद्दाम तोडावीही लागली नाहीत.

इंग्रज आले आणि हा व्यवहार पालटला. म्हैसूरच्या डोंगराळ मुलखात गोऱ्या बागाइतदारांचे पहिले मळे १८२० नंतरच्या काळात उभे राहिले. कोडगूचे राज्य १८३४ मध्ये कंपनी सरकारने खालसा केले आणि तेथे मडिकेरीजवळ पहिली युरोपीय बाग १८५४ मध्ये झाली. पुढील दहा-बारा वर्षांत जमिनीसाठी जी झुंबड उडाली तिचे वर्णन करताना त्या काळचे लेखकही ज्वराचीच उपमा देतात. नवा मळा उठविण्याची रीत ठरलेली होती. पावसाळा सरला की आधी झुडपी रान साफ करावयाचे, मग कुऱ्हाडी लावून मोठी झाडे पाडावयाची, ती फाल्गुन-चैत्राच्या उन्हात वाळू द्यावयाची आणि पावसाच्या तोंडावर सगळ्याला आग लावून द्यावयाची. राखेने काळ्या झालेल्या त्या उतारावर दोऱ्या धरून खड्डे घ्यावयाचे आणि सरळ रांगांत कॉफी लावावयाची. उन्हात वाढलेली कॉफी पहिली काही वर्षे भरघोस पीक देते. कारण शेकडो वर्षांच्या पाचोळ्याचे खत जमिनीत आयते साठलेले असते. भांडवलदाराला घाई असेल तर त्याने यापलीकडे पाहू नये, अशीच ही व्यवस्था होती.

सिंहलद्वीपात हेच याहून मोठ्या प्रमाणावर चालले होते. तेथील मध्यभागीचे डोंगर साफ करून सारे बेट कॉफीमय करण्याचा उद्योग चालू असता १८६९ मध्ये पानांवर एक नारिंगी रंगाची भुकटी दिसू लागली. हा तांबेऱ्याचा रोग. एकाच जातीच्या झाडांनी व्यापलेल्या त्या सलग उतारांवरून तो वाऱ्याबरोबर पसरत गेला, आणि वीस वर्षांच्या आत सिंहली कॉफीचा धंदा बुडाला. आज तेथे त्याच डोंगरांवर चहा आहे.

कोडगूवर आणि म्हैसूरवर आलेले संकट निराळे होते. पांढऱ्या पट्ट्यांचा एक लहानसा भुंगेरा कॉफीच्या खोडाच्या भेगांत अंडी घालतो. अळी बाहेर पडून खोड आतून पोखरीत जाते. पाने पिवळी पडून झुडूप वाळू लागेपर्यंत बाहेर कसलीच खूण दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उपाय उरलेला नसतो. १८६० नंतरच्या दशकात या किड्याने बागाच्या बागा उजाड केल्या. तेव्हा मद्रास सरकारने डॉ. जॉर्ज बिडी यास चौकशीस पाठविले. त्याचा अहवाल १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा किडा ऊन पडणाऱ्या, तापलेल्या खोडावर अंडी घालणे पसंत करतो आणि छायेतील कॉफीला त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो, ही गोष्ट बागाइतदारांस अनुभवाने कळत होती; बिडीच्या चौकशीने तीस शास्त्राचा पाठिंबा मिळाला. ज्यांनी हजारो वृक्ष जाळले होते तेच लोक आता उंबराच्या फांद्या खोवून सावली उभी करू लागले. वनदेवतेची भक्ती येथे नव्हती; भुंगेऱ्याचे भय होते. परंतु इतिहासात पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच मार्गाने घडलेल्या आहेत.

या नव्या सावलीची विद्या मात्र नवी नव्हती. रॉबर्ट एलियट नावाचा एक स्कॉच बागाइतदार म्हैसूरच्या मंजराबाद भागात अनेक वर्षे राहिला. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने सावलीच्या झाडांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. कोणत्या झाडाची छाया कॉफीला मानवते, कोणत्याच्या मुळ्या तिचे अन्न हिरावून घेतात, कोणाची पाने कधी गळतात, असा तो हिशेब आहे. वड-उंबराच्या कुळातील झाडांकडे त्याचा ओढा दिसतो, आणि झाडांची नावे तो कानडीतच देतो. ती त्याला कोणी सांगितली असतील याची कल्पना करणे अवघड नाही. मळ्यावर काम करणाऱ्या, झाडावर चढून छाटणी करणाऱ्या लोकांजवळ हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या होते. कोडगूतील येरव लोकांची मेहनत या सावलीत किती मुरलेली आहे, आणि त्या मेहनतीचा मोबदला त्यांस किती काळ वेठबिगारीसारखाच मिळत गेला, हा एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

सावली म्हणजे केवळ उन्हाचा अभाव, असे शहरात राहणाऱ्यास वाटण्याचा संभव आहे. मळ्यात ती एक यंत्रणाच असते. खाली पांगाऱ्यासारखी लवकर वाढणारी, सहज छाटता येणारी झाडे. पांगारा शेंगांच्या कुळातला असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र मिळते. त्यांच्यावर उंबर, पायर, फणस, जांभूळ, बेहडा, बिबळा, नाणा, किंजळ, शिसव अशा उंच वृक्षांचा दुसरा मजला. आषाढातला सह्याद्रीचा पाऊस थेट जमिनीवर कोसळला तर एका मोसमात वितभर माती वाहून नेईल. तोच या दोन मजल्यांतून झिरपत खाली येतो तेव्हा त्याचा जोर मोडलेला असतो. निरनिराळ्या झाडांची पाने निरनिराळ्या वेळी गळतात, त्यामुळे पाचोळ्याचे आच्छादन वर्षभर तुटत नाही. उंबराला फळ केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही धनेश, हारीत, वानरे यांना त्याच्याकडे धाव घेता येते. वळवाचा एक पाऊस पडून गेला की आठ-दहा दिवसांत सारी कॉफी एकदम फुलते. दोन-तीन दिवस सगळा डोंगर जाईसारखा पांढरा आणि सुगंधी होतो. तेवढ्या अल्प अवकाशात परागांची ने-आण व्हावयाची असते. रोबस्टा जातीची कॉफी तर दुसऱ्या झुडपाच्या परागांवाचून फळच धरीत नाही. ते काम मुख्यतः आग्या माशा करतात, आणि त्यांची मोहोळे लागतात ती उंच, जुन्या, आडव्या फांद्यांच्या झाडांना. तेव्हा शंभर वर्षांचे एखादे झाड पाडले की त्याबरोबर मजुरी न घेणारे किती मजूर कामावरून जातात, याचा हिशेब कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो.

आता प्रश्न मालकीचा. तो समजण्यासाठी कोडगू सोडून काही काळ महाराष्ट्रात आले पाहिजे.

रामचंद्रपंत अमात्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली आज्ञापत्र ही राजनीती अठराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यात आरमाराच्या प्रकरणी झाडांविषयी जे सांगितले आहे ते मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. तारवांसाठी सागासारखी लाकडे लागतील ती परवानगीने न्यावी, कमी पडतील ती बाहेरून खरेदी करावी. आंबा, फणस यांसारखी झाडे मात्र रयतेने लेकरांसारखी फार वर्षे वाढविलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, असा त्याचा आशय आहे. या उताऱ्याचा उल्लेख भूतदयेचा किंवा वनप्रेमाचा दाखला म्हणून वारंवार होतो. परंतु त्यात एक व्यवहारी सिद्धांतही आहे, तो असा की झाडाचा धनी कोण हे ज्यास ठाऊक आहे त्यानेच ते राखलेले असते, आणि त्याचा धनीपणा हिरावला तर त्याच्या मागोमाग झाडही जाते.

कंपनी सरकारच्या पहिल्या दशकांत हा सिद्धांत विस्कटला. कधी जंगलांवरील हक्क सोडून दिले, कधी ते परत सांगितले. आणि हक्क उद्या जाईल अशा धास्तीने आज कुऱ्हाड चालविणे हा मनुष्यस्वभावच आहे. कोकणचे उतार उघडे पडू लागले तेव्हा त्याकडे सरकारचे लक्ष वेधणारा मनुष्य पुण्याजवळ राहत होता.

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी खडकी सोडून मुळेचा पूल ओलांडते तोच दापोडी लागते. तेथे १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारी वनस्पतिबाग स्थापन केली. १८३८ पासून तिच्यावर डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा अधिकारी होता. तो पेशाने शस्त्रवैद्य. दख्खन आणि खानदेश या मुलखांत देवी टोचण्याच्या कामावर हिंडलेला, आणि मराठी बोलणारा. दापोडीच्या व जुन्नरकडील हिवऱ्याच्या बागेतून त्याने औषधी आणि उपयुक्त परदेशी झाडांची रोपे व बियाणे वाटली. त्याच वेळी सह्याद्रीच्या माथ्यावरची रानटी झाडे तुटल्याने झरे आटतात आणि खालच्या गावांचे हाल होतात, अशी पत्रे तो सरकारास लिहीत राहिला. १८४७ मध्ये मुंबई सरकारने त्याला जंगलांचा संरक्षक नेमले आणि १८६० पर्यंत तो त्या जागेवर होता. १८६१ मध्ये त्याने डॅल्झेल याच्याबरोबर मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची मांडणीच बोलकी आहे. मुख्य भाग देशी वनस्पतींचा, आणि बाहेरून आणलेल्या व लावलेल्या वनस्पती वेगळ्या पुरवणीत. दापोडीत एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून त्याने काढवून घेतलेली दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास बंद झाली आणि तिचा वारसा पुढे १८७३ मध्ये गणेशखिंडीच्या बागेकडे आला.

गिब्सनची कळकळ खरी होती. पण त्याच्या खात्याने पुढे जे रूप धारण केले त्याविषयी पुण्यातच एका दुसऱ्या पुरुषाने कठोर शब्द लिहून ठेवले आहेत. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर जो प्रहार केला आहे तो असा की, ज्या डोंगरांतील पाने, फुले, फळे, सरपण व चारा यांवर गरीब कुणबी कसाबसा निर्वाह करीत असे ते सारे या खात्याने आपल्या कुंपणात घातले. गिब्सन आणि फुले यांपैकी एकाचेच म्हणणे खरे धरणे सोपे आहे. पण दोघेही एकाच डोंगराकडे पाहत होते. एकाला झरा आटताना दिसला, दुसऱ्याला शेळीचा चारा बंद झालेला दिसला. झाड कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर सरकारने ‘आमचे’ असे दिले, आणि तेथून पुढे कुणब्याच्या लेखी झाड म्हणजे सरकारी शिपायाचे निमित्त होऊन बसले.

कोडगूत या उत्तराने आणखी विचित्र वळण घेतले. तेथील राजांच्या वेळेपासून भातखाचरांना लागून असलेला डोंगरउतार शेतकऱ्याकडे चालत आलेला असे. त्यास ‘बाणे’ म्हणतात. त्यातून राबासाठी पाला, जळण आणि गुरांना चारा घ्यावयाचा, त्याचा सारा नाही. पण त्यावरील झाडे मात्र स्वतःची म्हणून विकावयाची नाहीत, असा तो करार. इंग्रजी अमदानीत याच बाण्यांत झाडांखाली कॉफी लागली. मग सरकारने जमिनींची प्रतवारी केली. झाडांची किंमत सरकारात भरून ज्याने ती सोडवून घेतली त्याची जमीन ‘सोडवलेली’. ज्याने भरली नाही त्याची ‘न सोडवलेली’. न सोडवलेल्या जमिनीत कॉफीचा धनी शेतकरी आणि तिला सावली देणाऱ्या शिसवीचा, बिबळ्याचा धनी सरकार. शेतकऱ्याने ते झाड पन्नास वर्षे राखावे, त्याच्या फांद्या छाटाव्या, वादळात ते पडून खालची कॉफी मोडली तर नुकसान सोसावे; आणि लाकडाचे मोल मात्र खजिन्यात. ही व्यवस्था इंग्रजांबरोबर गेली नाही. सोडवलेल्या जमिनीतसुद्धा देशी झाड तोडावयाचे तर कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि परवानगी म्हणजे अर्ज, पंचनामा आणि खेटे.

या कायद्यातून एक झाड वगळलेले आहे. त्याचे नाव सिल्व्हर ओक. पुण्यातील जुन्या बंगल्यांच्या आवारांत ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना त्याची नक्षीदार पाने, त्यांची रुपेरी पाठ आणि उन्हाळ्यात येणारे नारिंगी फणीसारखे तुरे आठवतील. नाव ओकाचे असले तरी ओकाशी त्याचे नाते नाही. ते पूर्व ऑस्ट्रेलियातले असून एकोणिसाव्या शतकात चहाच्या मळ्यांतून हिंदुस्थानात पसरले. ते सरळसोट वाढते, वीस-पंचवीस वर्षांत विकण्याजोगे होते, त्याच्या खोडावर मिऱ्याची वेल चढविता येते, आणि ते पाडण्यास सरकारला विचारावे लागत नाही. ज्या कायद्याने देशी झाडे वाचवावयाची त्याच कायद्याने शेतकऱ्याला शिकविले की देशी झाडाचे रोप आपल्या मळ्यात उगवू देणे म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात सरकारी दावे बांधणे होय. कायदा करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण शेतकऱ्याच्या हिशेबालाही दोष देता येत नाही.

१९९० नंतरच्या दशकात या हिशेबाला गती आली. १९४२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले कॉफी बोर्ड तोपर्यंत सगळे पीक एकत्र करून विकत असे. ती पद्धत टप्प्याटप्प्याने मोडली आणि शेतकरी जगाच्या बाजारात उभा राहिला. त्याच सुमारास व्हिएतनामने उत्पन्न अफाट वाढविले, आणि शतकाच्या अखेरीस कॉफीचे भाव कोसळले. अडचणीत सापडलेल्या बागाइतदाराला मिऱ्याने आणि सिल्व्हर ओकाच्या लाकडाने हात दिला. अरेबिका जातीला किड्याने सतावल्यामुळे पुष्कळांनी रोबस्टा लावली. तुषारसिंचनाची सोय झाल्यावर रोबस्टाला दाट सावलीची तितकीशी गरज राहिली नाही. देशातील सुमारे एक-तृतीयांश कॉफी एकट्या कोडगूत होते. तेव्हा तेथील मळ्यांत कोणते झाड पडते आणि कोणते लावले जाते ही गोष्ट खासगी राहत नाही; काही शेकडो चौरस मैल सह्याद्रीचे रूप तीवर ठरते. शिवाय कावेरी नदी उगम पावते ती याच जिल्ह्यात.

झाडाला सरकारही धनी नाही, शेतकरीही नाही, अशी एक तिसरी व्यवस्था सह्याद्रीत होती, आणि तिच्या अभ्यासाचे श्रेय पुण्याला आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था १९४६ मध्ये येथे निघाली. तिचे पहिले संचालक वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर. याच संस्थेत काम करणारे वा. द. वर्तक आणि पुण्याचेच माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवराया पायी हिंडून पाहिल्या. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या तालुक्यांत काळकाई, वाघजाई, शिरकाई, भैरोबा अशा देवतांच्या नावे राखलेली ही राने. कोठे दहा गुंठे, कोठे पन्नास एकर. तेथील काडीही न उचलण्याचा दंडक, आणि म्हणूनच आसपासच्या उघड्या डोंगरांतून नाहीशा झालेल्या वनस्पती तेथे तगून राहिलेल्या. गारंबीची मांडीएवढी जाड महावेल अशा रायांतच पाहावयास मिळते. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची काळकाईची राई सरकारी तोडीत जाणार असे दिसताच गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे धाव घेतली, त्यांनी जंगलखात्याकडे शब्द टाकला आणि ती राई वाचली. राईतून निघणारा ओढाच आपल्याला पाणी पाजतो, हे गावकऱ्यांना अभ्यासकांच्या आधीपासून ठाऊक होते.

कोडगूतही अशी राने आहेत. त्यांना ‘देवरकाडु’ म्हणतात; शब्द ऐकताच अर्थ कळावा इतका तो आपल्या देवराईला जवळचा आहे. त्यांची संख्या बाराशेच्या वर आहे. १९०५ मध्ये त्यांचे क्षेत्र १५,५०६ एकर नोंदलेले होते. १९८५ मध्ये ते ६,२९९ एकर उरले. ऐंशी वर्षांत देवाच्या जमिनीतून जे नऊ हजार एकर गेले त्यांतील पुष्कळ भागावर आज कॉफी उभी आहे. येथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. देवराई खाऊन वाढलेल्या या मळ्यांतच, त्यांच्या सावलीच्या झाडांत, राईतल्या पुष्कळ जाती अजून शिल्लक आहेत. अलीकडच्या अभ्यासकांनी राखीव जंगल, देवरकाडु आणि कॉफीचे मळे यांची झाडे व पक्षी मोजून तुलना केली तेव्हा मळे त्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी समृद्ध निघाले. जगात इतरत्र न आढळणारी, खास सह्याद्रीचीच अशी झाडे मात्र राखीव जंगलात अधिक. ती दाट ओलाव्याची, सावलीतच जन्मणारी झाडे. मळ्याच्या छाटलेल्या छत्राखाली ती धरत नाहीत.

गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने नेमलेल्या पश्चिम घाटविषयक तज्ज्ञगटाने २०११ मध्ये जो अहवाल दिला त्यात खासगी जमिनीवर देशी वनस्पती राखणाऱ्यास तिच्याबद्दल मोबदला द्यावा असा विचार मांडलेला आहे. अहवालाभोवती जे वादळ उठले त्यात लोकांनी बंदीचे भाग तेवढे वाचले, आणि मोबदल्याचा भाग बहुतेकांच्या नजरेआड राहिला. आज्ञापत्रातील मोल देऊन, संतोषाने, या कल्पनेपासून तो फार दूर नव्हता.

महाराष्ट्रात कॉफीचे पीक म्हणून नाव घ्यावयाचे तर ते वऱ्हाडातील चिखलदऱ्याचे. गाविलगड किल्ल्याच्या शेजारी, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, इंग्रजांनी थंड हवेसाठी वसविलेल्या या गावात त्यांच्याच अमदानीत कॉफी आली. तेथे ती मेळघाटच्या रानाशी लागून, मोठ्या झाडांच्या आश्रयाने वाढते. मळे लहान, उत्पन्न थोडे, त्यामुळे तेथील झाडांवर बाजाराचा डोळा पडलेला नाही. कोडगूचे तसे नाही.

तेथे आज उभ्या असलेल्या उंबर-बिबळ्यांपैकी बहुतेक झाडे आज्या-पणज्यांच्या वेळची आहेत. पावसाळा संपता संपता मळ्यात निंदणी होते. एखाद्या धनेशाने टाकलेल्या बीतून उगवलेले जांभळाचे, बेहड्याचे, नागकेशराचे वितभर रोप कॉफीच्या बुंध्याशी तणात उभे असते. निंदणाऱ्या बाईला ते ओळखता येते. तिच्या भाषेत त्याला नावही असते. तिला रोजी मिळते ती साफ केलेल्या ओळींवर. कोयता फिरतो आणि रोप तणाबरोबर जाते. पुढे वर कोठे एखादे जुने झाड वाऱ्याने पडले, आणि छत्राला भोक पडले, की त्या जागी रोपवाटिकेतून आणलेला सिल्व्हर ओक लागतो, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या बुंध्याशी मिऱ्याचे बेणे.